फुटण्याच्या तऱ्हा

तुर्भे स्टेशनाजवळच्या आयकियात ताटल्या-वाडग्यांच्या रॅकपाशी गर्दी सहसा हटत नाही. १८ डिसेंबर २०२० ला, कोविडची धास्ती अजून ओसरली नसताना, सुमारे ५.३ लाख चौरस फुटांचे हे दुकान उघडले. हैदराबादनंतरचे भारतातले दुसरे. इथे ताटली सुटी मिळते, हाताळायला कोणी अडवत नाही, आणि गिऱ्हाईक ती मनसोक्त हाताळते. कोणी वजनाचा अंदाज घेते, कोणी कडेवरून अंगठा फिरवते. साठीच्या पुढच्या बायका बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकतात, कुंभाराकडून माठ घेताना ऐकतात तसाच. शेजारी उभ्या सुनेचे किंवा लेकीचे लक्ष रंगाकडे असते. पांढरे नको, ते करडे मॅट हवे. एकाच रॅकसमोर दोन पिढ्या आपापला सेट निवडत असतात, आणि 'टिकेल ना?' हा प्रश्न दोघीही विचारतात.

टिचकीची परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. माती भट्टीत जितकी तापते तितके तिचे कण वितळून एकमेकांत मुरतात, आतल्या फटी बुजतात आणि आवाज खणखणीत होतो. साधे मातीकाम साधारण १,००० ते १,१५० अंश सेल्सिअसला भाजतात. ते सच्छिद्र राहते आणि बद्द वाजते. स्टोनवेअर १,२०० ते १,३०० अंशांना भाजले जाते आणि दगडासारखे घट्ट होते. पोर्सेलिनची भट्टी त्याहून वर, १,३०० ते १,४०० अंशांपर्यंत जाते आणि त्याच्या अंगात पाणी जवळजवळ शिरतच नाही. चिरलेली ताटली मात्र कितीही भाजलेली असली तरी वाजते बद्दच. जुन्या बायकांना नेमके तेच ऐकायचे असते.

गोंधळ पांढऱ्या रंगाने होतो. त्याच दुकानातली 'ऑफ्टास्ट' ही पांढरीशुभ्र ताटली मातीची नव्हेच. ती टेम्पर्ड ओपल काच आहे. '३६५+' मालिकेतली तितकीच पांढरी ताटली फेल्डस्पार पोर्सेलिनची, आणि 'दिनेरा' हे स्टोनवेअर. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट 'काचेचा सेट' म्हणायची पद्धत आहे. झारखंडातल्या मधुपूरहून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येऊ लागलेल्या ला ओपालाच्या फुलाफुलांच्या सेटांनी ही सवय पक्की केली. रुखवतात, वास्तुशांतीला, लग्नाच्या अहेरात तो सेट फिरला आणि कित्येक घरांत शोकेसच्या काचेआड अजून तसाच बसलेला आहे. तो फुटला नाही याचे श्रेय काचेला द्यायचे की कुलपाला, हा प्रश्नच आहे.

चिनी मातीची भांडी या किनाऱ्याला नवी नाहीत. नवी मुंबईच्या दक्षिणेला, अलिबाग तालुक्यात रेवदंड्याला लागून चौल आहे. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना चौलमध्ये चिनी पोर्सेलिनचे आणि पश्चिम आशियातल्या निळ्या-हिरव्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. आज न्हावा-शेव्याला कंटेनर उतरतात. तेव्हा गलबते चौलला लागत. बंदर सरकले, माल तोच आहे. फरक इतकाच, की हा माल शतकानुशतके बंदरावरून गेला तरी सर्वसामान्य मराठी घराच्या पंक्तीत बसला नाही. पंक्तीत केळीचे पान, पत्रावळ, पितळ आणि कांसे. मातीचे भांडे उष्टे झाले की शुद्ध होत नाही, धातूचे घासले की होते, हा सोवळ्याचा हिशोब होता.

बरणी त्याला अपवाद ठरली, आणि त्याचे कारण रसायनात आहे. लोणचे म्हणजे मीठ आणि आम्ल. बिनकल्हईच्या पितळेत ते कळकते, लोखंडाला खाते. स्टोनवेअरच्या झिलईवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. वरून तपकिरी, खालून दुधाळ अशी ती दुरंगी बरणी कोरडी करून, लोणचे भरून, तोंडाला दादरा बांधून फडताळात ठेवली की वर्षाची चिंता मिटे. बरणीच्या धंद्यात मराठी माणूसही होता: परशुराम गणपुले यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौराष्ट्रात परशुराम पॉटरी वर्क्सची उभारणी केली. थान, मोरबी, वांकानेरचा तो पट्टा आज फरशांसाठी ओळखला जातो. नवी मुंबईतल्या फ्लॅटांत जमिनीवर जी व्हिट्रिफाइड टाइल असते ती बहुधा त्याच बाजूची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेली बशी वाचायची. टाइलवर पडलेली वाचत नाही, कारण टाइलही भाजलेली मातीच, आणि बशीपेक्षा कितीतरी जाड.

बरणीमागून कपबशी आली, आणि तिच्याबरोबर भांडणेही. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे छापून आणली, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते, आणि प्रकरण थेट ग्रामण्य-प्रायश्चित्तापर्यंत गेले. मुद्दा पेला कशाचा याचा नव्हता, तो कोणाच्या हातून आला याचा होता. पुढे कपबशीनेच जातीची पायरी दाखवली. गावातल्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळी ठेवलेली कानतुटकी कपबशी दलित आत्मकथनांतून पुन्हापुन्हा समोर येते. टिकाऊपणाचा विचार करताना हेही ध्यानात ठेवायला हवे, की फुटके भांडे कोणाला द्यायचे हे या समाजाने फार काळ ठरवून ठेवले होते.

श्रद्धेचा एक प्रश्न आजही दुकानात विचारला जातो: यात हाडे आहेत का? बोन चायनात असतात. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंट इथे जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या शेवटी जी कृती पक्की केली, तिच्यात जवळजवळ निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा, उरलेली चिनी माती आणि चायना स्टोन. या राखेमुळेच ते पातळ असूनही चिवट असते आणि उजेडासमोर धरले की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. वाशी, नेरूळ, खारघरच्या सोसायट्यांत जैन, गुजराती, मारवाडी आणि माळकरी मराठी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. त्यांतल्या अनेकांना हे चालत नाही. म्हणून भारतीय कारखानदार हाडांची राख नसलेले 'फाइन चायना' वेगळे विकतात आणि खोक्यावर तसे ठळक छापतात. गंमत अशी, की नाजूक दिसते म्हणून जे बोन चायना लोक पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, ते साध्या पोर्सेलिनपेक्षा सहसा मजबूत असते. जाडजूड, रंगीत, 'रोजच्याला बरे' म्हणून घेतलेले स्वस्त मातीकाम आधी टवके काढते.

'टिकते' हा शब्द इथे एकटा पुरत नाही, कारण मातीचे भांडे निरनिराळ्या तऱ्हांनी जाते. ते पडून फुटते, कडेला टवकते, तापून तडकते, झिलईला केसासारख्या रेघा पडून डागाळते, किंवा चांगले धडधाकट असून घासून घासून कळाहीन होते. एका तऱ्हेला पुरून उरणारे भांडे दुसरीला बळी पडू शकते. घरोघरी आवडीनिवडी वेगळ्या दिसतात, त्या बऱ्याच अंशी त्या घराला कोणत्या फुटण्याची धास्ती आहे यावर ठरतात. लहान मुलांच्या घरात पडण्याची, बेकिंगची हौस असलेल्या घरात तडकण्याची, मावशींच्या भरवशावर चालणाऱ्या घरात टवक्यांची.

टवक्यांवरचा जुना इलाज मुंबईच्या इराण्याच्या कपात आहे. जाड, गोल ओठाचा, पांढरा, बसका कप. दिवसातून अनेकदा विसळला जाणारा, संगमरवरी टेबलावर आपटला जाणारा. कड जितकी पातळ आणि धारदार, तितका टवका सोपा. म्हणून हॉटेलसाठीच्या मालाची कड गोलसर आणि जाड ठेवतात. घरच्या सेटमध्ये नेमके उलटे घडते. पातळ कड देखणी दिसते, आणि स्टीलच्या सिंकमध्ये कुकरच्या खाली दबून पहिल्या महिन्यातच हसू लागते. मावशींवर राग निघतो. खरे तर एकमेकांत रचताना ताटलीच्या बुडाची बिनझिलईची कडा खालच्या ताटलीच्या झिलईवर घासते, तेव्हाच बारीक ओरखड्यांची सुरुवात होते. मध्ये कागदी रुमाल घातला तरी ते टळते.

आता उष्णतेकडे. इथे नवी मुंबईचा स्वतःचा धडा आहे, आणि तो कोणत्याही मॉलमध्ये मिळत नाही. पनवेल, उरण, पेण, अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, हवे तर चिकन. पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करून मडके जमिनीवर पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायच्या. झाले की नाही हे पाहायला काही जण धगधगत्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र झाले आणि पाणी क्षणात उडाले की उतरवायचे. आता हाच प्रयोग हजारो रुपयांच्या पोर्सेलिनच्या कॅसरोलवर करून पाहण्याची कल्पना करा. पहिल्याच जाळाला तो तडकेल.

पोर्सेलिन मडक्याहून कितीतरी मजबूत. तरीही जाळ सोसते ते मडकेच. कुंभार मातीत वाळू, राख, घोड्याची लीद मिसळतो आणि ते कमी आचेवर भाजतो. त्यामुळे अंगभर फटी आणि भरड कण राहतात. तापल्यावर एखादी बारीक भेग निघाली तरी ती पुढच्या फटीत किंवा कणापाशी अडखळून थांबते. मडके झिरपेल, पण दुभंगणार नाही. पोर्सेलिनच्या घट्ट, काचेसारख्या अंगात भेगेला अडवणारे काहीच नसते. ती निघाली की आरपार जाते. माल जितका घट्ट, तितका तो तापाच्या धक्क्याला हळवा, असा हा उलटा न्याय आहे. थेट गॅसवर ठेवण्याजोगी मातीची भांडी आणि ओव्हनची भांडी ही दोन वेगळी कुळे आहेत. खोक्यावर 'ओव्हनप्रूफ' लिहिलेले पाहून डिश शेगडीवर चढवली, की सेट अर्धा झालाच म्हणून समजा.

मराठी घराला ओव्हनची सवय उशिरा लागली. दिवाळीआधी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे नंबर लावायचा आणि पत्र्याच्या ट्रेमधून नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत अनेकांना आठवत असेल. घरचा केक कुकरमध्ये वाळू घालून, ॲल्युमिनियमच्या भांड्यात व्हायचा. त्यात शास्त्राची बाजू भक्कम होती. ॲल्युमिनियम चिनी मातीच्या शंभरपटीहून अधिक वेगाने उष्णता पुढे पोचवते, म्हणून स्पंज चटकन आणि सारखा फुगतो. सिरॅमिकच्या डिशमध्ये तोच केक कडेला उशिरा शिजतो आणि बाहेर काढल्यावरही शिजतच राहतो. पण मॅकरोनी, बेक्ड व्हेज, ब्रेड पुडिंग यांच्यासाठी तोच दोष गुण होतो: डिश टेबलावर येते आणि दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत गरम राहते. गोव्यात बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीत एकेक करून भाजत आणले जातात. तिथेही घाई करणारे भांडे उपयोगाचे नाही.

ओव्हनमधल्या काचेची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली, तीही एका कापलेल्या बरणीवरून. कॉर्निंग कंपनीतल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या बरणीचे बूड कापून घरी नेले आणि त्याच्या बायकोने, बेसीने, त्यात केक भाजला. दोन वर्षांनी, १९१५ ला, पायरेक्स बाजारात आले. ती बोरोसिलिकेट काच होती: साध्या काचेपेक्षा तापल्यावर तिचे प्रसरण सुमारे एक-तृतीयांशच. त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने १९६२ मध्ये मुंबईत बोरोसिल सुरू झाली. प्रयोगशाळेतल्या चंबू-नळ्यांवरचे ते नाव मग मराठी स्वयंपाकघरात शिरले. पुढे अमेरिकेत विकले जाणारे पायरेक्स साध्या सोडा-लाइम काचेचे, टेम्पर केलेले होऊ लागले: पडण्याला थोडे अधिक कणखर, तापाच्या धक्क्याला कमी. परदेशातून भावाने आणलेली डिश आणि इथे घेतलेली डिश यांचे नाव एक असले तरी वागणूक एक असेलच असे नाही.

सिरॅमिक बेकवेअरच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, जो कुंभार आणि कारखानदारच ओळखतात. स्टोनवेअर भाजताना त्यातल्या सिलिकाचा काही भाग क्रिस्टोबलाइट या रूपात जातो. हे स्फटिक २२० अंशांच्या आसपास एकदम फुगतात आणि थंड होताना तिथेच एकदम आकसतात. घरचा ओव्हन चालतो १८० ते २२० ला, म्हणजे नेमका त्याच उंबऱ्यावर. पोतात क्रिस्टोबलाइट जास्त असेल, तर वर्षभर बिनतक्रार वागलेली डिश एखाद्या दिवशी थंड होताना 'टक' करून दोन होते, आणि घरचे म्हणतात, 'काही केलं नव्हतं हो!' खरेच काही केलेले नसते. बेकवेअर चांगले आहे की नाही हे त्यामुळे रूपावरून कळत नाही. ते माती कशी मिसळली यावर असते.

बाकीचे तडकणे मात्र हातचे आहे. फ्रीजमधली भरलेली डिश तापल्या ओटीजीत सरकवणे, किंवा ओव्हनमधून काढून ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवणे. थंड ओव्हनमध्ये ठेवून दोन्ही बरोबर तापवले आणि उतरवताना खाली जाड, कोरडे फडके घातले, तर भांड्याचे आयुष्य कितीतरी वाढते.

आता पुन्हा त्या करड्या मॅट ताटलीकडे. हाताने घडवल्यासारखी, किंचित वेडीवाकडी, ठिपकेदार. ही आवड आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांतले नमुने मातीच्या भांड्यांवर उतरवून घेतले होते. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने ग्रामीण कुंभारांना सिरॅमिकच्या वाटेवर आणले. सीमाभागात खानापूरला खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे. भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित यांनी स्टोनवेअरमध्ये आयुष्य घालवले आणि २०१३ ला पद्मश्री मिळवली. सिडकोच्या बेलापूरच्या अर्बन हाटात कारागिरांची प्रदर्शने भरतात, तिथे उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा रंगीत माल मांडला की आयकियात करडे शोधणारीच गिऱ्हाइके इथे निळी-पिवळी नक्षी घेताना दिसतात.

मॅट झिलईची पारख मराठी जेवण करते. तिचा पृष्ठभाग सूक्ष्म स्फटिकांनी खरबरीत असतो. हळद तिथे जाऊन बसते. धुतलेली ताटली दुपारच्या उन्हात ठेवली तर हळदीचा रंग उतरतो, हे मात्र खरे. चमच्याने येणाऱ्या राखाडी रेघा म्हणजे ओरखडे नव्हेत. झिलई स्टीलपेक्षा कठीण असते, म्हणून झिजतो तो चमचा आणि त्याची धूळ ताटलीवर राहते. खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट चोळली की जाते. तारेची घासणी वापरली तर मात्र नुकसान कायमचे. हाताने जेवणाऱ्या घरातल्या ताटल्या या बाबतीत सुरीकाट्यांच्या घरांपेक्षा सुखी.

आकाराचा तिढा वेगळा. विलायती डिनर प्लेटची रुंद, उतरती कड आपल्या वाढपात फुकट जाते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, आणि आमटीला वाटी. ती वाटी ताटलीत उभी राहील इतका सपाट भाग हवा आणि आमटी भातावरून बाहेर जाणार नाही इतकी उभी कड. म्हणून सेट घेऊनही रोज स्टीलचेच ताट निघते. शिवाय स्टीलवर नाव घालून घेता येते. खोलगट बशी तर आता हरवत चालली आहे. मगमधून चहा पिणाऱ्यांना ती लागत नाही आणि बशीतून फुर्र करणाऱ्या आजोबांना नव्या सपाट बशीत चहा मावत नाही.

सोनेरी कडेचा सेट मायक्रोवेव्हमध्ये घातला की ठिणग्या उडतात, कारण ती कड खऱ्या धातूची असते. डिशवॉशरमध्ये तीच कड आधी विटते. झिलईवर नंतर चिकटवून साधारण ८०० अंशांना भाजलेली नक्षीही तिच्या मागोमाग. झिलईखाली रंगवलेले तेवढे राहते. जत्रेतून, पर्यटनातून आणलेल्या भडक लाल-पिवळ्या ताटल्यांबद्दल एक सावधगिरी हवी: जुन्या किंवा निकृष्ट झिलईत शिसे, कॅडमियम असू शकते आणि चिंच, कोकम, लिंबू ते ओढून घेतात. अशा ताटल्या भिंतीवर शोभतात.

टवका उडालेल्या ताटलीचे काय करायचे, हे तिच्या मातीवर ठरते. कल्हईवाला पितळेला नवे करून देई, सिरॅमिकला तसा कारागीर नाही, आणि पूजेअर्चेला भंगलेले भांडे आपण घेतही नाही. पोर्सेलिनचा टवका बोटाला लागत नसेल तर ती ताटली खुशाल वापरावी. आतले अंग पाणी पीत नाही. सच्छिद्र मातीकामाचा टवका मात्र पाणी शोषतो, त्यात तेल-मसाल्याचा वास मुरतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये अन्न कोमट असताना कप नुसता हात भाजतो. शंका असेल तर रिकामी ताटली आणि शेजारी कपभर पाणी मिनिटभर मायक्रोवेव्हमध्ये ठेवावे. पाणी तापले आणि ताटली गार राहिली तर ती अजून कामाची; उलटे झाले तर तिच्यात खिडकीतल्या कुंडीखालचे पाणी धरायची सोय करावी.